शनिवारचा मवाली

पन्नाशी उलटेपर्यंत बेलार्मिनो चापारोने कुणाला साधा धक्का मारला नव्हता. चुकून कुणाला लागलाच तर तो लगेच माफी मागायचा, आणि भिंतीला खांदा घासला तरी अर्धी माफी त्याच्या तोंडातून निघून जायची. अंगाने मात्र दांडगा. दारातून आत यायचा तो तिरका होऊन. नोब्सा गावात लोकरीच्या गाद्या भरायचा त्याचा धंदा. लोकर धुवायची, उन्हात वाळवायची, पिंजायची, खोळीत कोंबायची आणि वीतभर लांब सुईने टाके घालायचे. अर्धं गाव त्याच्या गाद्यांवर झोपायचं, आणि हे कुणी बोलून दाखवलं की तो लाजायचा.

आमच्या नोब्सात तसे सगळेच अदबीचे. 'सुमेर्से', म्हणजे 'आपण', असं म्हटल्याशिवाय आमच्याकडे वाक्य सुरू होत नाही. बायको नवऱ्याला सुमेर्से म्हणते, गिऱ्हाईक दुकानदाराला म्हणतं, आणि उंबऱ्यावरच्या कुत्र्याला हाकलायचं झालं तरी "सुमेर्से, जरा सरकता का" असंच. बेलार्मिनोचं कुत्रं सरकायचं नाही. मग तो त्याला ओलांडून जायचा.

अशा माणसावर बायकांच्या अंगावर धावून जायची पाळी आली, ती त्याच्या बायकोमुळे.

त्याची बायको दिओसेलीना रुआना विणायची. थंडीवाऱ्यात डोक्यातून घालायची ती आमची जाड घोंगडी. विणकर बायकांचा गट होता, त्यात सातुरिया नावाची एक अबोल, काटकुळी बाई होती. एका गुरुवारी बाजार करून ती निलगिरीच्या झाडांमधल्या पायवाटेने घरी निघाली असताना मागून कुणीतरी तिचा दंड धरला आणि तिला झाडीकडे ओढलं. तेवढ्यात वळणावर दुधाची गाडी आली, म्हणून तो माणूस पळाला. सातुरियाला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. पण दुसऱ्या दिवशी मागापाशी बसून ती म्हणाली, "ओरडायला म्हणून तोंड उघडलं, तर आवाजच आला नाही. नुसती हवा." त्या माणसापेक्षा तिला त्या हवेचीच जास्त धास्ती बसली होती.

बायकांनी हे मनावर घेतलं. सोगामोसोहून नूबिया नावाची शिक्षिका बोलावली. ती तरुणपणी जुडोच्या स्पर्धा खेळलेली, मानेने जाड आणि बोलायला तुटक. शनिवारी सकाळी लोकरीच्या गोदामात वर्ग भरू लागला. पण एका बाईने दुसरीला मागून धरलं की दोघींना हसू फुटायचं, आणि हसता हसता पाककृतीच सुरू व्हायच्या.

"असं नाही चालणार," नूबिया म्हणाली. "एक पुरुष पाहिजे. मोठा. मार खाल्ला तर चिडणार नाही असा, आणि बायकांना धरायला मिळतंय म्हणून चेकाळणार नाही असा."

सगळ्या माना दिओसेलीनाकडे वळल्या.

बेलार्मिनो त्या रात्री जेवला नाही. "सुमेर्से, मला जमेल का हे?" त्याने तीनदा विचारलं. दिओसेलीना म्हणाली, "सुमेर्सेंना काही करायचं नाहीये. फक्त धरायचं आणि मार खायचा." यातला दुसरा भाग ऐकून त्याला जरा हायसं वाटलं.

चिलखत त्याने स्वतःच शिवलं. गादीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या खोळीचा अंगरखा, आत दाबून भरलेली लोकर, मांड्यांना दोन लोड, आणि डोक्याला जुन्या हेल्मेटवर चढवलेलं मेंढीचं कातडं. घालून उभा राहिला तेव्हा एखादी डबल बेडची गादी चालत आल्यासारखी वाटत होती. लोकर नीट वाळली नव्हती, त्यामुळे वास असा यायचा की गोदामापर्यंत गावातली कुत्री त्याच्या मागे आली.

पहिल्या शनिवारी नूबियाने सातुरियाला मध्ये उभं केलं आणि बेलार्मिनोला खूण केली. तो पाय न वाजवता मागून आला, हात पुढे केला, थांबला आणि म्हणाला, "सुमेर्से, परवानगी असेल तर दंड धरतो."

सातुरिया म्हणाली, "धरा ना."

नूबियाने कपाळाला हात लावला. "आणि सुमेर्सेंनी आता काय म्हणायचं?"

"सोडा," सातुरिया पुटपुटली.

"सोडा नाही. सोड."

सातुरियाने ओठ हलवले, पण शब्द बाहेर येईना. ज्या गावात कुत्र्यालाही कुणी अरे-तुरे केलं नाही, तिथे गादीवाल्या बेलार्मिनोंना 'सोड' म्हणायचं म्हणजे चर्चमध्ये थुंकण्यापैकी होतं. शेवटी ती म्हणाली, "सोडाल का, सुमेर्से?" त्याने लगेच सोडलं.

मारण्याचंही तेच. प्रत्येक जण कोपर मारायची आणि वळून विचारायची, "लागलं का हो?" तो म्हणायचा, "छे, छे, छान मारलंत." एकीने गुडघा मारला तो जरा जोरात बसला, तर ती धावत जाऊन गुळाचं गरम पाणी आणि चीजचा तुकडा घेऊन आली. वर्ग अर्धा तास थांबला.

नूबिया निघताना बेलार्मिनोला म्हणाली, "हे बघा. तुम्ही असे वागलात तर या बायका फक्त तुमच्यासारख्यांशी लढायला शिकतील, आणि तुमच्यासारख्यांशी लढायची गरजच नाही. पुढच्या वेळी घाण बोला. मवाली बोलतात तसं."

बेलार्मिनोने आठवडाभर अभ्यास केला. दुकानात गादीला टाके घालताना तो तिच्याशी दरडावून बोलायचा. एकदा पाद्रीबुवा उशी न्यायला आले, तर आतून आवाज आला, "काय गं, एकटीच का?" पाद्रीबुवा बाहेरच्या बाहेर परत गेले.

पुढच्या शनिवारी तो दिओसेलीनाच्या मागे गेला, घसा खाकरला, छाती फुगवली आणि म्हणाला, "तुमची पिशवी मला फार आवडलीये."

बायका हसून हसून लोकरीच्या पोत्यांवर पडल्या. बेलार्मिनो कातड्याच्या आत घामाघूम झाला. "मला येत नाही हो," तो म्हणाला. "सुमेर्सेच सांगा, काय म्हणायचं असतं?"

हे त्याने अगदी सरळ मनाने विचारलं होतं. बायका डोळे पुसत उठल्या, आणि एक जण म्हणाली, "असं म्हणा. एवढ्या घाईने कुठं, पाखरा? मी सोडतो की."

"नाही, नाही," दुसरी म्हणाली, "हसलीस तर काय दात पडतील का, हे म्हणा. ते जास्त म्हणतात."

"नवरा काही कामाचा दिसत नाही, बाजाराला एकटीलाच पाठवतो."

"आणि आपण गप्प राहिलो की म्हणायचं, समजते काय स्वतःला."

बेलार्मिनो प्रत्येकीकडे वळून ते वाक्य मनात घोकत होता. एक पाठ होईपर्यंत दुसरं यायचं. आधी हसत सांगत होत्या, मग हसायचं राहून गेलं आणि सांगायचं तेवढं उरलं. कुणालाही आठवावं लागत नव्हतं, हे त्याच्या लक्षात आलं. जणू प्रत्येकीच्या पदराला गाठ मारूनच ठेवलेलं होतं. सगळ्यांत म्हातारी एर्मेन्सिया. काठी टेकत यायची, मार द्यायचा सोडून इतरांच्या चुका काढत बसायची. तीही म्हणाली, "माझं घ्या. आईला सांगू नकोस, तिला वाईट वाटेल." मग ती थांबली. "मी तेव्हा मळ्यावर दूध काढायला जायचे. परकर घालायचे अजून." एवढं बोलून तिने काठी दुसऱ्या हातात घेतली.

मग दिओसेलीना म्हणाली, "आता माझं. वर चढा राणी, वजन मी सांभाळतो. आणि म्हणताना हात इथं ठेवायचा." तिने आपल्या कमरेखाली हात ठेवून दाखवला.

बेलार्मिनोला हे वाक्य पाठ करावं लागलं नाही. हे त्याने शंभरदा ऐकलं होतं. नोब्सा ते सोगामोसो मिनीबस चालवणाऱ्या कुस्तोदिओचं वाक्य होतं ते. कुस्तोदिओ म्हणजे त्याच्या मुलीच्या बाप्तिस्म्याचा धर्मपिता, म्हणून त्याचा कोंपाद्रे, दर रविवारचा जोडीदार. गाडीच्या उंच पायरीवर चढणाऱ्या प्रत्येक बाईला तो हे म्हणायचा, हाताने आधारही द्यायचा, आणि खिडकीपाशी बसलेला बेलार्मिनो इतरांबरोबर हसायचा.

"म्हणा," नूबिया म्हणाली.

त्याने म्हटलं. आवाज कसा कोण जाणे, हुबेहूब कुस्तोदिओसारखा निघाला. बायकांना काही सांगावं लागलं नाही. दिओसेलीनाचं कोपर असं बसलं की छातीवरची शिवण उसवली आणि लोकर बाहेर आली. "लागलं का" असं या वेळी कुणी विचारलं नाही.

घरी येऊन तो चिलखत मांडीवर घेऊन टाके घालत बसला. एक टाका ओढून म्हणाला, "सुमेर्सेंनी मला कधी सांगितलं नाही."

"सांगितलं होतं," दिओसेलीना म्हणाली. ती कांदा चिरत होती. "पोरीचं नाव ठेवलं त्याच वर्षी. तुम्ही म्हणालात, कोंपाद्रे तसाच आहे, पण मनाचा चांगला."

"मी म्हणालो?"

"आणि हसलात."

त्याने सुई बोटात टोचून घेतली. मुद्दाम नाही, पण ती टोचली तेव्हा त्याला वाईट वाटलं नाही.

रविवारी तेहोच्या मैदानावर तो कुस्तोदिओशी बोलायचं ठरवून गेला. लांबून लोखंडाची चकती मातीवर फेकायची, मातीत पुरलेल्या फटाक्याच्या दारूच्या पुडीवर ती बसली की बार उडतो, आणि बार उडाला की सगळे बीअर पितात, असा तो खेळ. गंभीर बोलण्यासाठी याहून वाईट जागा आमच्याकडे नाही.

"कोंपाद्रे, सुमेर्सेंना एक विनंती होती," बेलार्मिनोने सुरुवात केली.

धडाम.

"काय म्हणालात?"

"ते गाडीच्या पायरीवर सुमेर्से जे म्हणता ना, बायकांना..."

धडाम. सगळे ओरडले, बाटल्या उघडल्या. बेलार्मिनोने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तिसऱ्या खेपेला एकदाचं वाक्य पूर्ण झालं. कुस्तोदिओ हा शिडशिडीत, जाड मिशांचा, सतत कुणीतरी आपल्याकडे बघतंय अशा थाटात वावरणारा गडी. तो मिशीतल्या मिशीत हसला.

"अहो कोंपाद्रे, आवडतं ते त्यांना. आजवर कुणी तक्रार केलीये?"

"मी करतोय."

"सुमेर्से काय बाई आहात?"

"दिओसेलीना कोमाद्रे आहे सुमेर्सेंची, धर्ममुलीची आई," बेलार्मिनो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

कुस्तोदिओचं हसू क्षणभर अडखळलं. पण आजूबाजूला माणसं होती. "असं करू," तो मोठ्याने म्हणाला. "शनिवारी मी तुमच्या त्या आखाड्यात येतो. सगळ्यांसमोर विचारतो. एकीने जरी हात वर केला, तर या मिशा काढून टाकीन."

आणि तो खरंच आला. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. गोदामाच्या मधोमध उभा राहून त्याने विचारलं, "सुमेर्सेंपैकी कुणाला माझ्या बोलण्याचा राग येतो का? स्पष्ट सांगा, मला वाईट वाटणार नाही."

एकही हात वर गेला नाही. बायका जमिनीकडे बघत होत्या. सातुरियाने रुआनाची कड बोटाला गुंडाळली. घरी आलेल्या पाहुण्याला तोंडावर कसं बोलायचं, ही आमची पिढ्यान्‌पिढ्यांची अडचण आहे, आणि दोन-तीन शनिवारांत ती सुटत नसते. कुस्तोदिओने बेलार्मिनोकडे बघून भुवया उडवल्या. बेलार्मिनोला वाटलं, हे सगळं चिलखत, हा मार, सगळं फुकट गेलं.

"झालं का विचारून?" नूबिया म्हणाली. "मग आता आलाच आहात तर मदत करा. बेलार्मिनोंची पाठ धरलीये. आजचे मवाली तुम्ही व्हा."

बेलार्मिनोची पाठ धरली नव्हती. तो तसं सांगणार होता, पण दिओसेलीनाने त्याचा पाय दाबला, आणि त्याने आयुष्यात पहिल्यांदा कण्हून दाखवलं.

कुस्तोदिओ म्हणाला, बायकांसमोर गादी कशाला पांघरायची. नूबिया म्हणाली, नियम आहे. बेलार्मिनोच्या मापाचं ते चिलखत कुस्तोदिओच्या अंगावर गुडघ्यांखाली लोंबायला लागलं, बाह्यांमध्ये हात हरवले, हेल्मेट नाकापर्यंत उतरलं. तो मान वर करून फटीतून बघत होता.

"पहिली सातुरिया," नूबिया म्हणाली. "आणि तुम्ही काहीही म्हणा. मनात येईल ते."

मनात एकच यायचं. कुस्तोदिओ लडबडत तिच्या मागे गेला, आणि चारचौघांत हशा मिळावा म्हणून नेहमीच्या ठसक्यात म्हणाला, "वर चढा राणी, वजन मी सांभाळतो."

हशा आला नाही. सातुरियाने तोंड उघडलं. बेलार्मिनोला वाटलं, पुन्हा हवाच येणार. पहिल्यांदा तसंच झालं. मग घशातून काहीतरी खरखरीत वर आलं.

"सोड," ती म्हणाली.

"काय?" कुस्तोदिओने आतून विचारलं. त्याला खरंच ऐकू आलं नव्हतं.

"सोड!"

तो आवाज एवढ्याशा बाईतून निघाला असेल यावर कुणाचा विश्वास बसेना. पत्र्यावरची कबुतरं उडाली. टाच पायावर, कोपर पोटात, मग वळून गुडघा, जसं शिकवलं होतं त्याच क्रमाने, काही न गाळता. कुस्तोदिओ बसला. चिलखत जाड होतं, त्यामुळे लागलं काही नाही, पण बसला तो उठायचा विसरून बसला.

त्याला उठवलं बायकांनीच, अगदी अदबीने, दोन्ही बाजूंनी धरून. कारण मागे रांग लागली होती. तो एकेकीला ते वाक्य म्हणत गेला, दर वेळी जरा हळू. चौथ्या-पाचव्या बाईनंतर तर त्याने "वर चढा" एवढंच म्हटलं, तरी तिने पुढचं म्हटल्यासारखं धरून कोपर मारलं. लोकरीच्या आत तो भिजून निघाला होता.

"कोंपाद्रे," आतून बारीक आवाज आला, "अजून किती राहिल्यात?"

"मी आहे अजून," एर्मेन्सिया म्हणाली.

तिने काठी बाजूला ठेवायला दिली, मग विचार बदलून परत घेतली. कुस्तोदिओसमोर येऊन उभी राहिली. त्याने काही म्हणायच्या आत तिने मोकळा हात वर केला.

"मघाशी सुमेर्सेंनी विचारलं होतं," ती म्हणाली. "मला राग येतो. गाडीत येतो, आणि घरी जाऊनही येतो."

मग सातुरियाचा हात वर गेला. मग पोत्यापाशी उभ्या असलेल्या दोघींचा. मग सगळ्यांचेच. कुस्तोदिओने हेल्मेट काढलं. केस विस्कटून कपाळाला चिकटले होते. तो त्या हातांकडे बघत राहिला. कुणाकडे बघून हसावं तेच त्याला कळेना. शेवटी दिओसेलीना पुढे आली. तिने त्याला मारलं नाही. ती म्हणाली, "कुस्तोदिओ, पुढच्या वेळी गाडी थांबली की तुझे हात स्टिअरिंगवर ठेव." त्या 'तुझे'ने त्याला जेवढं लागलं तेवढं कोपरांनी लागलं नसावं. बेलार्मिनोने त्याला चिलखतातून बाहेर काढलं.

मिशा त्याने काढल्या नाहीत. पण बरेच दिवस गाडीत चढणारी प्रत्येक बाई आधी त्याच्या मिशांकडे निवांत बघायची आणि मग तिकीट घ्यायची. महिनाभरात त्याने दारापाशी एक लाकडी पायरी बसवून घेतली, म्हाताऱ्या माणसांची सोय म्हणून, असं सांगायचा. तेहोला तो आणि बेलार्मिनो अजून जातात. पूर्वीइतकं बोलत नाहीत. बार उडत असतात, म्हणून ते कुणाला कळत नाही.

बेलार्मिनो मात्र कामात चांगलाच तयार झाला. एकदा वर्ग बाहेर अंगणात चालला होता. तो दिओसेलीनाला मागून धरून "हसलीस तर काय दात पडतील का" म्हणत असताना यात्रेच्या बसमधून उतरलेल्या एका वृद्ध ननने ते बघितलं, आणि धावत येऊन छत्रीने त्याला असा झोडपला की छत्रीच्या काड्या तुटल्या. नूबियाने तिला थांबवलं नाही. उलट बायकांना म्हणाली, पाय कसे रोवलेत ते बघून घ्या. बेलार्मिनोने सिस्टरबाईंना छत्री दुरुस्त करून दिली आणि छान मारल्याबद्दल आभार मानले.

आणि सातुरिया. पावसाळा संपल्यावर ती पुन्हा निलगिरीच्या वाटेने येऊ लागली. एका दुपारी मागून पावलं वाजली आणि दंडावर हात पडला. ती जे शिकली होती ते तिने केलं, आणि ओरडली अशी की खालच्या शेतात बटाटे काढणाऱ्या एर्मेन्सियाने आणि तिच्या सुनांनी तिथूनच ओरडून उत्तर दिलं. मग वरच्या घरातून कुणी ओरडलं, मग ओढ्यापलीकडून. तो माणूस लंगडत पळाला. टोपी मागेच राहिली. बायकांनी ती गोदामाच्या दाराला खिळ्यावर अडकवली, ज्याची असेल त्याने येऊन घेऊन जावी म्हणून. कुणी आलं नाही. पुढे पोलिसांनी ती नेली, आणि टोपीवरूनच माणूस सापडला, कारण ती त्याच्या बायकोने विणलेली होती आणि तिने ती लगेच ओळखली.

ही बातमी कळली त्या संध्याकाळी बेलार्मिनो पालथा पडला होता आणि दिओसेलीना त्याच्या पाठीला औषधी तेल चोळत होती. शेजारच्या गावातल्या बायकांनीही आता त्याला बुधवारी बोलावलं होतं, आणि त्या नवीन असल्याने कुठंही मारायच्या.

"सगळ्यांत जोरात कोण मारतं?" तिने सहज विचारलं.

"सातुरिया," तो उशीत तोंड खुपसून म्हणाला. "तिचा गुडघा... काही विचारू नका."

चोळणारा हात थांबला.

"म्हणजे माझं कोपर लागतच नाही का?"

बेलार्मिनोने मान वळवून तिच्याकडे बघितलं. ती खरंच फुरंगटली होती. "लागतं ना, सुमेर्से," तो घाईघाईने म्हणाला. "सुमेर्सेंचं कोपर बरगडीत लागतं. गेल्या शनिवारचं तर अजून दुखतंय."

"कुठं?"

त्याने दाखवलं. तिने तिथं बोट दाबून खात्री करून घेतली, त्याने "आई गं" म्हटलं, आणि ती समाधानाने पुन्हा चोळायला लागली.